हूक बसवलेली सेकंड हँड गाडी घेतली आणि फसलो, सोलापूरकरांनो बयाणा द्यायच्या आधी वाचा

सोलापुरात किंवा आसपास कोणी सात-आठ सीटर मोठी गाडी सेकंड हँड घ्यायच्या विचारात असेल, आणि घरच्या माणसांबरोबर मागं ट्रॉली पण ओढायची असेल, तर हे पूर्ण वाचा. आमचे ७ लाख ४० हजार अडकलेत. पैशाचं एकवेळ सोडा, पण त्या गाडीत आम्ही तीन महिने आई-बाबांना आणि पोरांना बसवून फिरलो याचा विचार आला की अजून रात्री झोप लागत नाही.

आमचं घर आठ माणसांचं. दादाचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, त्याच्याकडं १५ केव्हीएचा जनरेटर दोन चाकी ट्रॉलीवर बसवलेला, ट्रॉली धरून वजन टनाच्या आसपास जातं. आधी प्रत्येक लग्नाला पिकअप भाड्यानं घ्यायचो. २०२४ च्या दिवाळीत ठरवलं की एकच अशी गाडी घ्यायची जी सीझनमध्ये ट्रॉली ओढेल आणि एरवी सगळ्यांना एकत्र तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला नेईल. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून चढायला फार उंच नको, आणि मागच्या सीटवर पोरं बसणार म्हणून मागची सीट समोर तोंड असलेलीच पाहिजे, समोरासमोरची बाकडी नको. जुन्या बऱ्याच गाड्यांत ती आडवी बाकडी असतात, त्यांना बेल्ट नसतो, ब्रेक मारला की पोरगं सरळ पुढं जातं. वहिनीनं हे आधीच बजावून सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं.

दादाचं म्हणणं गाडी चासीवाली पाहिजे, म्हणजे खाली लोखंडी शिडीसारखी वेगळी फ्रेम आणि वर बॉडी. ट्रॉलीचा ओढा शेवटी त्या फ्रेमवर येतो. स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा (नवी हायक्रॉस सोडून), फॉर्च्युनर या चासीवाल्या, एक्सयूव्ही ५०० मोनोकॉक म्हणजे वेगळी चासी नाही. सफारीच्या बाबतीत तर नावावर जाऊच नका, २०१९ पर्यंतची सफारी स्टॉर्म चासीवाली होती आणि २०२१ ला त्याच नावानं आलेली नवी सफारी मोनोकॉक आहे. फॉर्च्युनर आमच्या बजेटच्या बाहेर, इनोव्हाचा भाव कितीही जुनी झाली तरी उतरत नाही. मग आम्ही हायवेच्या कडेच्या एका सेकंड हँड गाड्यांच्या यार्डात गेलो. यार्डाचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. गाडी कुठल्या कंपनीची तेही लिहीत नाही कारण दोष गाडी बनवणाऱ्याचा नाही, विकणाऱ्याचा आहे.

२०१८ चं मॉडेल, डिझेल, पांढरा रंग, मीटरवर ८१ हजार, आणि मागं ट्रॉली जोडायचा चकचकीत काळा हूक बसवलेला. दादाची नजर पहिल्यांदा हूकावरच गेली. यार्डवाल्यानं ते बघितलं आणि आम्हाला काय पाहिजे ते त्याला तिथंच कळालं. "डॉक्टरची गाडी आहे साहेब, एकाच हातातली, क्लेम नाही काय नाही. हूक त्यांनीच चांगल्या माणसाकडून बसवून घेतलाय, तुमचा तेवढा खर्च वाचला की ओ." आम्ही पण खूश, कारण हूक बनवून घ्यायचा, बसवायचा, वायरिंग करायचं, सगळा व्याप वाचला.

आता नीट वाचा, आमचं चुकलं ते इथं. ती गाडी भिंतीला पाठ लावून उभी केली होती, मागं माणूस वाकू शकणार नाही एवढीच जागा. आम्ही गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलेलं, म्हणजे थंड इंजिन स्टार्ट करताना काय आवाज येतो, धूर किती येतो ते कळालंच नाही. खालून सगळी चासी काळ्या कुळकुळीत अंडरकोटिंगनं रंगवलेली. मला वाटलं किती निगा राखलीय. सहा वर्ष सोलापूरच्या धुळीत फिरलेल्या गाडीची चासी अशी नवरीसारखी कशी असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर पण कोरं करकरीत. ८१ हजारात रबर बदलायची वेळ सहसा येत नाही, ते झिजून गुळगुळीत झालं असेल तरच माणूस बदलतो. टेस्ट ड्राइव्ह म्हणाल तर सर्व्हिस रोडवर चार किलोमीटर, तेही रिकामी गाडी. ज्या कामासाठी घेत होतो ती ट्रॉली जोडून बघायची म्हटल्यावर "बयाणा द्या मग घेऊन जा की" असं उत्तर. आम्ही २५ हजार बयाणा दिला आणि त्यानंतर मागं फिरायची इच्छाच राहिली नाही, तुम्हाला माहितीये बयाणा दिला की माणूस गाडीतले गुणच बघायला लागतो.

पैसे देताना तो म्हणाला थोडी रक्कम कॅश द्या. २ लाख ८० हजार कॅश दिले आणि पावती मिळाली फक्त बँकेतून दिलेल्या ४ लाख ६० हजारांची. दिवसाला एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त कॅश घ्यायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात मनाई आहे, हे मला नंतर वकिलांनी सांगितलं. आज त्या कॅशचा पुरावा म्हणजे फक्त आमचा शब्द. डिलिव्हरीच्या कागदावर एक ओळ होती, गाडी जशी आहे तशी पाहून, पसंत करून घेतली, त्याच्यावर दादाची सही आहे. पेढ्यांचा बॉक्स हातात देऊन सही घेतली हो.

तीन महिने काही झालं नाही. तुळजापूरला जाऊन आलो, घाटात गाडी मागून थोडी डुलते असं मला वाटलं पण टायरची हवा असेल म्हणून सोडून दिलं. ट्रॉली जवळच्या जवळ तीन-चार लग्नांना गेली. फेब्रुवारीत बार्शीचं लग्न होतं, दादा आणि एक पोरगा पहाटे ट्रॉली घेऊन निघाले. वैरागच्या अलीकडं एका खड्ड्यात गाडी आदळली, मागून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला आणि ट्रॉली डावी-उजवी झोके खायला लागली. दादानं ब्रेक दाबला नाही, ॲक्सिलेटर सोडला आणि गाडी हळूहळू कडेला घेतली, म्हणून वाचला. उतरून बघतो तर हूक खाली वाकलेला, मागचा बंपर तिरका, आणि ट्रॉली फक्त सेफ्टीच्या साखळीवर लटकलेली. समोरून एसटी येत असती तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे आठ जण त्याच गाडीतून अक्कलकोटला जाणार होतो.

गाडी टोचन करून सोलापूरला आणली आणि आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या चाचांनी रॅम्पवर चढवली. त्यांनी पत्र्याच्या पट्टीनं ते काळं अंडरकोटिंग खरवडलं आणि काही न बोलता बॅटरी माझ्या हातात दिली. मागच्या चाकांच्या मागं दोन्ही बाजूची चासी कापून दुसरा तुकडा जोडलेला. वेल्डिंगचे जाड ओबडधोबड मणके, त्याच्यावर पुट्टी, त्याच्यावर काळा थर. आणि हूकाची जी मोठी प्लेट होती ती बरोबर त्या जोडावर झाकण ठेवल्यासारखी बसवलेली. जोड तिथंच उकलला होता. चाचा एवढंच म्हणाले, "ही गाडी मागनं मोडलेली आहे बाबा, आणि तुम्ही हिला टनाचं वजन लावलं."

मग मी शोधायला लागलो, जे घ्यायच्या आधी करायला पाहिजे होतं. आरसीवर पहिल्या मालकाचं नाव होतंच, ओळखीतून नंबर काढला. दुसऱ्या जिल्ह्यातले गृहस्थ, डॉक्टर वगैरे काही नाहीत, स्वतःचा व्यवसाय आहे. फार सभ्य माणूस, सगळं सांगितलं. हायवेवर उभ्या गाडीला मागून ट्रकनं ठोकलं, इन्शुरन्सचा क्लेम झाला, नंतर गाडी एजंटाला देऊन टाकली आणि विकताना अपघाताचं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी विचारलं हूक कधी बसवला होता तुम्ही. ते म्हणाले, "हूक? माझ्या गाडीला हूक नव्हताच ओ." फोन ठेवल्यावर मी किती वेळ तसाच बसून होतो. म्हणजे जी वस्तू बघून आम्ही गाडी पसंत केली ती जोड झाकायलाच बसवली होती.

मीटरचंही तसंच. गाडी दादाच्या नावावर झालेली होती म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं रेकॉर्ड दाखवलं, २०२२ मध्येच १ लाख ६८ हजार किलोमीटरची नोंद आहे. घ्यायच्या आधी तिऱ्हाइताला ते माहिती देतीलच असं नाही, म्हणून विकणाऱ्यालाच सोबत घेऊन सेंटरला जा, तो टाळाटाळ करत असेल तर समजून जा. आणि सगळ्यात जास्त जीव जळतो तो या गोष्टीवर की एक पुरावा पहिल्या दिवसापासून आमच्या हातात होता. जुन्या इन्शुरन्स पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य टक्के लिहिलेला. क्लेम नसेल तर हा बोनस दरवर्षी वाढतो, २०, २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. एकाच मालकाची सहा वर्षांची गाडी, एकही क्लेम नाही म्हणतात आणि बोनस शून्य, तर एक तर क्लेम झालाय नाहीतर पॉलिसी बराच काळ बंद पडली होती. यार्डात खुर्चीवर बसल्या बसल्या दोन मिनिटांत कळणारी गोष्ट, आम्ही पॉलिसीची फक्त तारीख बघितली.

यार्डवाल्याकडं गेलो तर आधी चहा, मग "आम्हाला पण एजंटनं फसवलं", मग "तुम्ही ओव्हरलोड केलं", आणि शेवटी सहीचा कागद पुढं. पोलिसात लेखी तक्रार दिलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, व्यवहार झाल्यापासून किंवा फसवणूक लक्षात आल्यापासून घोळ घालत बसू नका, ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्याच्या वर १० लाखांपर्यंत फक्त २०० रुपये आहे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पण विचारता येतं. जोड खरवडतानाचे फोटो आणि व्हिडिओ चाचांनी तेव्हाच काढायला लावले होते, वकील म्हणाले तेच आता आपल्या कामाचं आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुरुस्ती आधी करू नका, आधी फोटो.

ट्रॉली ओढायची असेल तर अजून एक गोष्ट, गाडीबरोबर जे पुस्तक येतं त्यात किती वजन ओढता येतं ते लिहिलंय का बघा, ब्रेक असलेल्या ट्रॉलीचं वेगळं आणि विनाब्रेकचं वेगळं, आणि विनाब्रेकचं बरंच कमी असतं. आमच्या ट्रॉलीला ब्रेक नव्हता, ही आमची चूक आहे आणि ती मी कबूल करतो, यार्डवाल्याचा वकील तेच धरून बसणार हेही माहिती आहे. पण चासी अखंड असती तर ती पत्र्यासारखी उकलली नसती. आणि ज्या गाडीला हूक आधीच बसवलेला आहे ती ट्रॉली ओढून ओढून क्लच आणि गिअरबॉक्स थकलेली असू शकते, नाहीतर आमच्यासारखं हूकाखाली काहीतरी झाकलेलं असू शकतं. हूक असेल तर तो काढून दाखवा म्हणा. चार-सहा बोल्ट असतात, अर्ध्या तासाचं काम आहे. स्टेपनी खाली काढा, तिच्या मागं चासीचा भाग दिसतो. रॅम्पवर चढवायचे दोन-तीनशे रुपये लागतात, ते आपल्या खिशातून द्या आणि मिस्त्री आपल्या ओळखीचा न्या, यार्डवाल्याचा नको. गाडी बघायला सकाळी न सांगता जा, बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे का बघा.

मागच्या रविवारी कामासाठी त्याच रस्त्यानं जात होतो. यार्डात परत एक पांढरी मोठी गाडी उभी, परत भिंतीला पाठ लावून, आणि जवळ एक जोडपं, बाईच्या कडेवर लहान मूल. मी बाइक थांबवली. आत जाऊन त्या माणसाला एवढंच म्हणालो की भाऊ, गाडी पुढं घ्यायला सांगा आणि खाली वाकून बघा. यार्डवाला ओरडत आला, मला बाहेर काढायला लागला. पण त्या माणसानं खिशातला रुमाल काढला, फरशीवर अंथरला आणि मोबाइलची बॅटरी लावून गाडीखाली डोकं घातलं.