परसातले पक्षी-प्राणी टिपायला ट्रेल कॅमेरा घ्यायचा की झूमवाला?

मेगापिक्सेल बघून ठरवू नका, आधी हे बघा की फोटो निघतो तेव्हा तुम्ही तिथे असणार आहात की नाही, कारण जनावराला त्रास होतो तो बहुतेक वेळा आपण जवळ जाण्यानेच.

रात्री परसात कोण येऊन जातं हे बघायचं असेल तर सरळ ट्रेल कॅमेरा घ्या, म्हणजे झाडाला बांधून ठेवायचा, स्वतःहून फोटो काढणारा कॅमेरा. त्यातला पीआयआर सेन्सर अंगाची उष्णता आणि हालचाल पकडतो आणि फोटो आपोआप निघतो. पण घेताना रात्री उजेड टाकणारे त्याचे इन्फ्रारेड एलईडी दिवे कुठले आहेत ते नक्की विचारा, ८५० नॅनोमीटरवाले लांबवर उजेड टाकतात पण अंधारात त्यांचे लालसर ठिपके दिसतात, आणि कॅमेऱ्यासमोर थबकून त्या ठिपक्यांकडे टक लावून बघणारं जनावर पुढच्या वेळी वाट बदलू शकतं. ९४० वाल्यांचा उजेड जवळजवळ दिसतच नाही, पल्ला कमी पडतो, पण परसाला लांबचा पल्ला लागतोच कुठे, म्हणून मी ९४० च सांगेन. आणि पांढरा फ्लॅशवाला तर घेऊच नका, घुबडासारख्या अंधारात शिकार करणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यांवर असा प्रकाश मारणं मला पटतच नाही.

उणीवा पण आहेत, फोकस बहुतेक फिक्स असतो त्यामुळे फार जवळचं सगळं धूसर येतं, दीड-दोन मीटर तरी अंतर ठेवा, आणि समोर तापलेली फांदी हलत असेल तर मेमरी कार्ड रिकाम्या फोटोंनी भरून जातं. बॉक्सवरचे मेगापिक्सेलही बरेचदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात.

दिवसा देखणा फोटो हवा असेल तर मात्र झूमच. खार दाणा दोन्ही पंजात धरून कुरतडते ना, तेव्हा डोळ्यावर फोकस आणि शटर १/१००० सेकंद ठेवा, एकेक मिशी वेगळी दिसते, हे ट्रेल कॅमेऱ्यातून होणारच नाही. ब्रिज कॅमेऱ्यात, म्हणजे लेन्स न बदलता येणाऱ्या झूमवाल्यात, झूम भरपूर मिळतो, निकॉन पी९०० चा तर २००० एमएमच्या लेन्सच्या बरोबरीचा आहे, पण सेन्सर छोटा, संध्याकाळ झाली की फोटो दाणेदार. लेन्स बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्याला १००-४०० एमएमची लेन्स लावली तर उजेड कमी असतानाही निभावतं, वजन आणि खर्च मात्र वाढतो. सायलेंट शटर असलेला बघा आणि फोकसचा दिवा, बीप दोन्ही पहिल्याच दिवशी बंद करून टाका. उडत्या पक्ष्याला मात्र हे बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर जपून वापरा, काही कॅमेऱ्यांत पंख वाकडे येतात.

फोन आहेच की, असं वाटत असेल तर फुलपाखरू, कोळी यांना तो पुरतो, पण पक्ष्यासाठी जवळ सरकावं लागतं आणि तो उडून जातो. घरट्याजवळ तर यातलं काहीच लावू नका, आपल्या येण्याजाण्याने कावळ्या-मांजरांना पत्ता लागतो.

ट्रेल कॅमेरा बांधताना खिळा नको, रुंद पट्टा वापरा, आणि जुने-नवे सेल एकत्र घालू नका, गळतात.