उस्मानाबादी की सानेन संकर?

गोठ्यात या दोन्ही शेळ्या असल्या की कराडच्या प्रदर्शनाला कोणती न्यायची, यावरून घरात वाद ठरलेलाच. माझं मत उस्मानाबादीला. काळंभोर अंग, आदल्या रात्री खोबरेल तेलाचा हात फिरवला की उन्हात लखलखतं. टेंपोतनं उतरल्या उतरल्या पाला ओरबाडायला लागते. सोबत जुळी करडं असली तर बघ्यांची दाटी तिच्याचपाशी.

सानेन मूळची स्वित्झर्लंडची, पांढरीशुभ्र. तिच्या संकराचं खरं भांडवल म्हणजे कास. परीक्षक मागून वाकून बघतो: कास पोटाला घट्ट धरलेली हवी, दोन्ही सड सारखे. ती टम्म दिसावी म्हणून काहीजण सकाळची धार चुकवतात. मीही एकदा चुकवली. रिंगणातच सड ठिबकायला लागले, शेळी पाय फाकून कण्हत राहिली. नंबर गेला तो गेलाच. शिवाय लेंड्या-मुताचा पिवळा डाग लांबून दिसतो, म्हणजे पहाटे कोमट पाण्यानं आंघोळ आली. दुधाची स्पर्धा असेल तर मात्र हिलाच न्या, उस्मानाबादी तिथं टिकत नाही.

पीपीआर या शेळ्यांच्या साथरोगाची लस दोघींनाही हवी, निदान तीन आठवडे आधी.