शेंगेन व्हिसा रिजेक्ट झाल्यावर पुन्हा अर्ज: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा कुठल्या एजन्सीचा किंवा ॲपचा रिव्ह्यू नाही. ‘पुन्हा अर्ज करणे’ ही गोष्टच मी वापरून पाहिली, तिच्याबद्दल लिहितेय. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट. पहिला अर्ज एजंटने भरला, रिजेक्ट झाला. दुसरा मी स्वतः भरला, व्हिसा मिळाला. त्यावर फिरून आले त्याला आता आठ महिने झाले. लगेच लिहिलं असतं तर नुसता आनंद लिहिला असता, म्हणून थांबले.

पहिल्या फाइलचं आता हसू येतं. अकरा दिवसांत पॅरिस, ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, कोलोन, लुझर्न आणि व्हेनिस. एजंट म्हणाला, “मॅडम, जास्त शहरं असली की प्लॅन भरगच्च दिसतो.” अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हेही त्यानेच ठरवलं, तिथे म्हणे पटकन मिळतो. नियम खरं तर साधा आहे. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. माझ्या कागदांवर त्या देशात दोन रात्री होत्या.

दादाने प्रेमापोटी आणखी एक भर घातली. अर्जाच्या आठ दिवस आधी माझ्या खात्यात माझ्या पाच पगारांएवढी रक्कम टाकली. “पैसे दिसले पाहिजेत गं खात्यात.” दिसले. इतके ठळक दिसले की बाकी स्टेटमेंटकडे कुणाचं लक्षच जाऊ नये.

सोळाव्या दिवशी पासपोर्ट आला, सोबत नकाराचं पत्र. सगळ्या शेंगेन देशांचं हे पत्र एकाच छापाचं असतं. कारणांची यादी आणि प्रत्येकापुढे छोटा चौकोन. माझ्या पत्रावर दोन फुल्या होत्या. प्रवासाचा हेतू आणि राहण्याचा तपशील याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, ही एक. व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल रास्त शंका आहे, ही दुसरी. दुसरी वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. मी आणि पळून जाणार? तिसऱ्या दिवशी फाइल उघडली, स्वतःला व्हिसा ऑफिसर समजून पहिल्यापासून वाचायला घेतली आणि कव्हर लेटरच्या दुसऱ्याच परिच्छेदात अडकले. “आम्ही दोघे पती-पत्नी लग्नाचा वाढदिवस साजरा करण्यासाठी...” मी एकटी जाणार होते. माझं लग्न झालेलं नाही. कुणाचं तरी जुनं पत्र घेऊन वरचं नाव तेवढं बदललं होतं, आणि खाली सही माझी होती. न वाचता केलेली. एजंटला शिव्या घालून झाल्यावर ही गोष्ट गिळायला जास्त वेळ लागला.

त्यानंतर त्या दोन फुल्यांचा राग गेला. मीही हेच नाकारलं असतं.

आता अपील की नवा अर्ज? अपीलचा हक्क असतो, पण तो ज्या देशाने नाकारलं त्याच्या कायद्याप्रमाणे, त्याच्या मुदतीत आणि बऱ्याचदा त्याच्या भाषेत. जर्मनीकडे फेरविचाराची फुकट सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता थेट कोर्टाचा रस्ता. माझं मत असं: कागद चोख असताना नाकारलं असेल तर अपील. कागदच फाटके असतील तर कशाच्या जोरावर भांडणार? मी नवा अर्ज केला. ‘सहा महिने थांबावं लागतं’ असं मला तिघांनी छातीठोकपणे सांगितलं. असा नियम शेंगेनमध्ये नाही, दुसऱ्या दिवशीही अर्ज करता येतो. शिवाय आधीच्या नकारामुळे नवा अर्ज आपोआप नाकारता येणार नाही, हे व्हिसा कोडच्या, म्हणजे शेंगेन व्हिसाच्या नियमावलीच्या, कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तरी मी चार महिने थांबले, ते स्टेटमेंटसाठी.

दादाचे पैसे त्याला परत केले. मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट लावलं तर त्यात ती रक्कम येतानाही दिसणार आणि जातानाही. लपवायचा प्रश्नच नव्हता. पत्रात एका ओळीत लिहिलं: ही रक्कम भावाने दिली होती, ती परत केली आहे, या प्रवासाचा खर्च माझ्या पगारातल्या बचतीतून आहे. मग बचतीत बसेल एवढाच प्रवास उरला. फक्त इटली. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, नऊ रात्री. सहा शहरांची तीन झाली आणि गंमत म्हणजे कागदावर पहिल्यांदाच तो माझा प्रवास वाटायला लागला.

देश बदलतेय म्हणजे ‘इथे नाही तर तिथे’ असं दिसेल का, ही धाकधूक होती. म्हणून जुन्या नकाराची प्रत मीच फाइलमध्ये लावली. तशीही ती माहिती व्हीआयएस या त्यांच्या सामाईक यंत्रणेत असतेच, नकारही पाच वर्षांपर्यंत राहतो. लपवून काय मिळणार? कव्हर लेटर एका पानाचं. पहिल्या फुलीला एक परिच्छेद, दुसऱ्या फुलीला एक. आधीच्या पत्रातला मजकूर माझा नव्हता आणि मी तो न तपासता सही केली, हेही सरळ लिहिलं. वाचायला दिलं तर मैत्रीण म्हणाली, “एवढं खरं लिहितात का?” मी लिहिलं. त्यानेच व्हिसा मिळाला असं मात्र मी म्हणणार नाही, कारण मिळाल्यावर कारणं सांगत नाहीत.

परतण्याच्या फुलीसाठी फार काही नवं जोडलं नाही. पहिल्या वेळी ऑफिसचं ना हरकत पत्र होतं, त्यात तारखाच नव्हत्या. ‘यांच्या प्रवासास आमची हरकत नाही’ एवढंच. दुसऱ्या वेळी रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मंजूर, कामावर कधी रुजू होणार, पद काय आणि पत्रावर सही करणाऱ्याचा फोन नंबर, एवढं लिहून घेतलं. एचआरवाल्याला पत्र तीनदा परत पाठवलं. तो वैतागला. वैतागू दे.

काय आवडलं नाही, तेही लिहिते. फी पुन्हा पूर्ण भरावी लागते, मोठ्या माणसाला ९० युरो, वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पहिली फी बुडीत. स्लॉटसाठी, म्हणजे अर्ज केंद्रातल्या भेटीच्या वेळेसाठी, रात्री-बेरात्री साइट उघडून बसणं हा वेगळाच छळ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. माझं ऐका, आधी स्लॉट बघा, मग रजा ठरवा. विमा शेंगेनच्या सगळ्या देशांत चालणारा आणि किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो पहिल्या वेळीही नीट होता. एजंटने नीट केलेलं तेवढं एकच काम. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे दुसऱ्यांदा द्यावे लागले नाहीत.

बाराव्या दिवशी पासपोर्ट आला. स्टिकर बघून क्षणभर पोटात गोळा आला, कारण मुदत पंचवीस दिवसांची आणि मुक्कामाचे दिवस फक्त दहा. मुदत म्हणजे ज्या तारखांच्या आत जायचं-यायचं तो काळ, आणि प्रत्यक्ष राहायचं दहाच दिवस. वरचे पंधरा दिवस तारीख पुढे-मागे झाली तर म्हणून देतात. हे न कळून पंचवीस दिवस राहणारा माणूस पुढच्या नकाराची सोय स्वतःच करून ठेवतो. रोमच्या विमानतळावर अधिकाऱ्याने किती दिवस, परतीचं तिकीट दाखवा, एवढंच विचारलं. जुन्या नकाराचा उल्लेखही नाही.

अमेरिकेच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: माझी ही ‘फुलीला उत्तर द्या’ पद्धत तिथे फारशी चालायची नाही. तिथे बहुतेक टुरिस्ट अर्ज कलम २१४(ब) खाली, म्हणजे तुम्ही परत जाल याची खात्री पटली नाही म्हणून, नाकारतात. पत्र साचेबंद असतं, अपील नाही आणि खरा निकाल मुलाखतीच्या खिडकीपाशी दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यात लागतो. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण आपल्या परिस्थितीत काही बदललं नसेल तर उत्तरही बहुधा तेच.

आणि हे आठ महिन्यांनी का लिहितेय, तर मागच्या आठवड्यात ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरला. त्यात विचारतात, इतर कुठल्या देशाने तुम्हाला व्हिसा नाकारलाय का. बोट ‘नाही’कडे गेलं होतं, खोटं कशाला बोलू. आता तर शेंगेन व्हिसा मिळालाय, मग जुनं कशाला उकरायचं, असं वाटलं. पण तिथे नकार लपवणं हे नकारापेक्षा महाग पडतं. फसवणूक ठरली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. ‘हो’ केलं. खाली खुलाशाचा रकाना उघडला. त्यात तारीख, देश, दोन्ही कारणं आणि नंतर मिळालेल्या व्हिसाचा तपशील, असं चार ओळीत लिहिलं. नकाराचं ते पत्र फाइलमध्ये अजून सगळ्यात वर आहे, त्यामुळे तारीख शोधावी लागली नाही. निकाल यायचाय.