निर्गुडीची चाचणी: अंड्याचा पांढरा भाग सोडून काय निवडाल?

निर्गुडीने सूज उतरते, दुखणं थांबतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. एम. फार्म.च्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, मात्र ते कुठल्या चाचणीने दाखवणार, हे लिहावं लागतं. पुण्यात पर्याय बरेच आहेत आणि चुकीचा पर्याय निवडला की वर्ष हातचं जातं.

सगळ्यात स्वस्त चाचणी अंड्याच्या पांढऱ्या भागाची. अर्क मिसळून गरम करायचं आणि प्रथिन किती गढूळ होतं ते मोजायचं. दोन दिवसांत आलेख तयार! पण प्रथिन गोठणं म्हणजे शरीरातली सूज नव्हे. शिवाय अर्कातले टॅनिन (तुरट द्रव्यं) स्वतःच प्रथिनाला चिकटतात आणि आकडे बिघडवतात. एवढ्यावर प्रबंध उभा करू नका.

पेशींवरची चाचणी खूप सरस. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) भांडारातून आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या प्रतिकारपेशी मागवता येतात. त्यांना एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातल्या घटकाने) चेतवायचं आणि सुजेची खूण असलेलं नायट्रिक ऑक्साइड अर्काने किती घटतं ते पाहायचं. सोबत पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारी एमटीटी चाचणी हवीच, कारण पेशी मेल्या तरी नायट्रिक ऑक्साइड घटतंच. मात्र दुखण्याबद्दल या पेशी काहीच सांगत नाहीत.

त्यासाठी प्राणी लागतात, आणि कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. सुजेसाठी कॅराजीननची (समुद्री शेवाळातल्या, सूज आणणाऱ्या पदार्थाची) पद्धत १९६२ पासून रूढ आहे. रॅटच्या तळपायात १ टक्का द्रावण ०.१ मिली टोचतात आणि पुढचे चार-पाच तास प्लेथिस्मोमीटरवर, म्हणजे पाय द्रवात बुडवून आकारमान मोजणाऱ्या यंत्रावर, तो किती फुगला ते मोजतात. पहिल्या तासा-दीड तासातली सूज मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनांमुळे येते, नंतरची प्रोस्टाग्लँडिनमुळे. तिसऱ्या तासाला फरक पडला तर तुमच्या अर्काची तुलना डायक्लोफेनॅक या नेहमीच्या वेदनाशामकाशी होऊ शकते. सगळं अवलंबून असतं घोट्यावरच्या पेनाच्या खुणेवर. दर वेळी पाय त्याच खुणेपर्यंत बुडाला पाहिजे आणि मोजणाऱ्याला गट कुठला ते माहीत नसावं.

वेदनेसाठी बहुतेक जण माइसना (छोट्या उंदरांना) अ‍ॅसिटिक आम्ल टोचून पोटाचे पीळ मोजतात. चाचणी संवेदनशील आहे, पण भोळी: स्नायू सैल करणारं औषधही त्यात वेदनाशामक ठरतं. ५५ अंशांची हॉट प्लेट (तापलेल्या पत्र्यावर उंदीर किती वेळ टिकतो ते पाहायचं) मेंदू-मज्जारज्जूच्या पातळीवरचा परिणाम दाखवते, डायक्लोफेनॅकसारखी औषधं तिथे फिकी पडतात. दोन्ही केल्यात तर रोटारॉडही (फिरत्या दांड्यावर तोल राहतो का ते पाहणारी चाचणी) करा, नाहीतर गुंगीलाच वेदनाशमन म्हणून बसाल.

माझं मत स्पष्ट आहे. मंजुरी आणि प्राणिगृह हाताशी असेल तर कॅराजीनन घ्या, पण अर्क पाजू नका, लेप लावा आणि तुलनेला डायक्लोफेनॅक जेल ठेवा. आपल्याकडे निर्गुडीचा पाला शेकायला आणि तेल चोळायलाच जास्त वापरतात. मग पोटातून अल्कोहोलचा अर्क देऊन त्या वापराची परीक्षा कशी होणार? मंजुरीला उशीर होणार असेल तर पेशींचं काम करा आणि शीर्षकातून ‘वेदनाशामक’ शब्द काढून टाका.

काहीही ठरवलंत तरी आधी निळसर फुलं असलेली फांदी घेऊन कोरेगाव रस्त्यावरच्या बीएसआयमध्ये (भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत) वनस्पतीची ओळख पक्की करून घ्या. बाजारातल्या सुक्या चुऱ्यावरून ती पटत नाही.