जुकी डीएनयू-१५४१: सीटवरच्या नळ्या सरळ यायच्या असतील तर

हॉट रॉडच्या, म्हणजे हौसेने इंजिन-रूप बदललेल्या जुन्या अमेरिकन गाडीच्या, आत दिसते ती सीट, सारख्या रुंदीच्या फुगीर नळ्या शेजारी शेजारी मांडल्यासारखी, तिला टक अँड रोल म्हणतात. १९५० आणि ६०च्या दशकांत कॅलिफोर्नियातली गाडीवेडी मंडळी हे काम स्वस्तात करून घ्यायला सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या टिहुआनाला जायची. तेच काम जुन्या, कॉलम गिअरच्या (स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेल्या) प्रीमियर पद्मिनी गाडीच्या सलग पुढच्या बाकड्यावर घरी करता येतं. रेक्झिन, फोम, दोरा सगळं बाजारात मिळतं. काम अडतं ते मशीनवर, म्हणून हा रिव्ह्यू मशीनचा: जुकी डीएनयू-१५४१, एका सुईचं वॉकिंग फूट मशीन.

घ्यायच्या आधी सगळे एकच विचारतात, जाड शिवतं का? रेक्झिन आणि १२ मिमी फोम घरचं काळं पायमशीनही योग्य सुई लावली तर शिवतं. खरा त्रास थर सरकण्याचा आहे. साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते ओढतात. फोम त्यांच्याबरोबर पुढे जातो, रेक्झिन वरच्या पायाला चिकटून मागे राहतं, आणि पन्नास सेंटिमीटरच्या टिपेच्या शेवटी दोन्ही खुणा जुळत नाहीत. १५४१ मध्ये सुई, तिच्यासोबतचा आतला पाय आणि खालचे दाते हे तिघं मिळून सगळे थर एकदम पुढे नेतात. सुई वर जाऊन परत पहिल्या जागी येईपर्यंत बाहेरचा पाय माल दाबून धरतो. थरांना एकमेकांवर घसरायला संधीच मिळत नाही. टक अँड रोलसाठी या एका गोष्टीचं मोल बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आहे.

त्यामागचं गणित असं. समजा तयार नळी ५० मिमीची हवी आणि सीटच्या रुंदीत अशा २४ नळ्या बसतात, म्हणजे १२० सेंमी. फोमवर ५० मिमीवर रेघा मारायच्या, रेक्झिनच्या उलट्या बाजूला ६० मिमीवर. रेक्झिन रेघेवर दुमडायचं, घडी फोमच्या रेघेवर ठेवायची आणि घडीपासून ३ मिमी आत टीप मारायची. घडीत ६ मिमी गेले, उरले ५४. खालची जागा ५० आहे, तेव्हा जास्तीच्या ४ मिमीमुळे नळी फुगते. रेक्झिन लागेल १४४ सेंमी आणि दोन्ही कडांना पाच-पाच सेंमी शिलाई. आता टीप ३ ऐवजी साडेतीन मिमीवर गेली तर प्रत्येक घडीत १ मिमी जादा जातो, २४ नळ्यांवर जवळजवळ इंचभर. कव्हर फ्रेमवर चढवताना ते एका बाजूला ओढलेलं दिसतं आणि मग कितीही ताणलं तरी सुधारत नाही. म्हणून मशीनच्या पाटावर ३ मिमीवर चुंबकी गाइड बसवा. नजरेचा भरवसा धरू नका.

फोम मात्र मागे कापड चिकटवलेलाच घ्या. नुसत्या फोमवर टाका ओढला की दोरा फोम कापत आत शिरतो आणि सहा महिन्यांत नळ्या सैल पडतात. जुन्या पद्धतीत नळ्यांत कापूस ठासायचे. दिसायचं सुंदर, पण घरी प्रत्येक नळीत सारखाच कापूस भरणं फार अवघड.

सुईबद्दल एक चूक वारंवार होते. हे मशीन डीपी×१७ म्हणजेच १३५×१७ सुई घेतं. त्याच लांबीची १३५×१६ सुईही बसते, पण तिचं टोक चामडं कापण्यासाठी धारदार असतं. रेक्झिनला ती लावली तर प्रत्येक भोक ही एक छोटी चीर होते आणि ताण आला की टिपेच्या रेघेवरच रेक्झिन फाटतं, तिकिटाच्या भोकांवर फाटावं तसं. रेक्झिनला गोल टोकाची १३५×१७, टेक्स ९० दोऱ्याला (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप) १८ किंवा २० नंबर. दोरा बॉन्डेड पॉलिस्टर घ्या. नायलॉन तितकाच मजबूत असतो, पण काचेतून येणाऱ्या उन्हात लवकर कुजतो. टाका साडेचार-पाच मिमी ठेवा. मशीन ९ मिमीपर्यंत देतं, पण तेवढा मोठा टाका शोभेच्या टिपेपुरताच. अडीच मिमीचा बारीक टाका मजबूत वाटतो, प्रत्यक्षात भोकं वाढवून रेक्झिन कमजोर करतो.

आता उणिवा. पायांच्या तळाला आणि खाली दाते आहेत, ते मऊ रेक्झिनवर बारीक ओळ उमटवतात. घडीच्या आतल्या टिपेत ती झाकली जाते, दाराच्या पॅनलवरच्या उघड्या टिपेत ठळक दिसते. गुळगुळीत तळाचे पाय वेगळे घ्यावे लागतात आणि दाब कमी करावा लागतो. पायपिंगसाठीही (कडेला शिवतात त्या गोल पट्टीसाठी) आतल्या-बाहेरच्या पायांची वेगळी जोडी लागते, साध्या मशीनचा पाय इथे चालत नाही. पाट सपाट असल्याने डोक्याची उशी किंवा आर्मरेस्टसारखा गोलाकार तुकडा फिरवताना हात दुखतात. छताचं पातळ कापड तर या मशीनला आवडतच नाही, चुण्या पडतात. छतासाठी घरचं साधं मशीनच बरं.

मशीनच्या हाताखाली साधारण दहा इंच जागा आहे. १४४ सेंमीचं पॅनल त्यात एका टोकापासून शिवत आणलं तर अर्ध्यानंतर गुंडाळी मावत नाही आणि मावली तरी टीप वाकडी होते. मधल्या रेघेपासून सुरुवात करा, एक बाजू पूर्ण करा, मग पॅनल फिरवून दुसरी.

मोटर सर्व्होच हवी, म्हणजे जिचा वेग पायाने अगदी हळूपर्यंत आणता येतो ती. क्लच मोटर स्वस्त असते, पण पायाचा जरा दाब वाढला की मशीन सुटतं. ३ मिमीच्या टिपेला एकेक टाका टाकण्याइतका ताबा लागतो. शिवाय वेगात सुई तापते, रेक्झिनचा थर वितळून सुईला चिकटतो आणि टाके सुटू लागतात. लोक मग दोऱ्याचा ताण पिळत बसतात.

सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं धरून पहिले तीन-चार टाके घ्या. सोडलीत तर खाली शटलमध्ये दोऱ्याचा गोळा होतो आणि मशीन जाम. १५४१एस या प्रकारात सेफ्टी क्लच आहे, तो अशा वेळी सुटतो आणि टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ, वाचवतो. नवशिक्याने जास्त पैसे मोजून एसच घ्यावं, हे आमचं ठाम मत.

फक्त एकच बाकडं करायचं असेल तर हे मशीन घेऊ नका. रेघा मारून, तुकडे कापून सीटकव्हरवाल्याकडून टिपा मारून घ्या, पैसे वाचतील. दोन्ही सीट, चारही दारं आणि पुढे आणखी एखादी गाडी असा बेत असेल तर मात्र घ्याच.

जुनं घेताना रेक्झिनचे दोन थर आणि फोम घेऊन जा. पाच मिमीच्या टाक्यावर वीस टाके पुढे, मग तेवढेच उलटे मारून बघा. उलटे टाके त्याच भोकांत पडायला हवेत. मग दोन्ही थरांवर आधी मारलेल्या खुणा तीस सेंमी टिपेनंतर जुळतात का पाहा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर दात झिजलेत किंवा पायांचं टायमिंग हललंय, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. शटलच्या टोकावर नख फिरवा. नख अडकलं तर तिथे ओरखडा आहे आणि दोरा तिथेच तुटत राहणार.