उघड्यावरच्या हॉटेलात संध्याकाळी कोणाला वाजवू द्यायचं: लग्नाचा डीजे, गावचा पोट्टा, नागपूरवाला की लाइव्ह गाणारा?

आजकाल आपल्या विदर्भात धरणाच्या बॅकवॉटरला, तलावाच्या पाळीवर, हायवेपासून थोडं आत कोणाच्या संत्र्याच्या बागेत, असे उघड्यावर बसून जेवायचे स्पॉट निघून राहिले. बाजेवर नाहीतर ठेंगण्या टेबलाशी बसायचं, समोर सूर्य बुडताना दिसते, ताटात रोडगे अन् वांग्याची भाजी नाहीतर सावजी, आणि मालकाच्या डोक्यात एकच चक्र फिरत असते की म्युझिकचं काय करू. ज्याने नुकतंच असं काही टाकलं किंवा टाकायचं म्हणून राहिला त्याच्यासाठी हे लिहून राहिलो. माझं मत आधीच सांगून टाकतो भाऊ, दहापैकी आठ जागांना गावातलाच कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायची छोटी मशीन) वाजवणारा पोट्टा आणि लहान स्पीकर एवढंच पाहिजे. उरलेल्या दोन जागांचं वेगळं आहे, तेही सांगतो.

पहिले लग्नाचा डीजे, कारण सगळ्यात आधी त्याचाच नंबर डायल होते. ओळखीचा असते, गाडी त्याची, जनरेटर त्याचा, पोरं त्याची, आपल्याला काही पाहावं लागत नाही. आणि ही मंडळी मेहनती आहे बरं का, भर मे महिन्यात वरातीपुढे चार चार तास उभे राहतात, पब्लिकची नस यांना जेवढी कळते तेवढी कोणाला कळत नाही, धुमालच्या (आपल्याकडच्या वरातीतल्या ढोल-ताशाच्या) ठेक्यावर म्हातारं माणूस पण उठवतात. पण त्यांचा सेटअपच मुळात रस्त्यासाठी बांधलेला असते. अठरा इंचाचे बेस, भोंग्याचे टॉप (वरच्या तीक्ष्ण आवाजाचे स्पीकर), तो आवाज पन्नास फूट लांब उभ्या असलेल्या गर्दीच्या अंगावर जावा म्हणून. तेच टॉप दहा फुटावर बसून जेवणाऱ्या माणसाच्या कानाशी आले की कमी आवाजात पण टोचतात. दुसरं म्हणजे सवय. दर दोन मिनिटाला ड्रॉप (ठेका थांबवून एकदम जोरात सोडणं), मधेमधे माइकवर नाव घेणं, हॉर्न मारणं, हे सगळं नाचणाऱ्यासाठी आहे, रस्सा ओरपणाऱ्यासाठी नाही. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, लग्नाची तिथी आली की तो तुमच्याकडे येणार नाही, आणि का यावं त्याने, एका वरातीत त्याला जे मिळते ते तुम्ही महिनाभर पण देऊ शकत नाही. तुळशीचं लग्न लागलं की त्याची डायरी भरते, आणि तुमचा सीझन पण नेमका तोच. वाढदिवस, एकतीस डिसेंबर, कोणाची मोठी पार्टी, तेव्हा त्यालाच बोलवा, रोजच्या संध्याकाळसाठी नको.

आता आवाजाचं, कारण सगळा निकाल इथेच लागते आणि याच्यावर कोणी बोलतच नाही. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरते. म्हणजे एकच मोठा स्पीकर समोर ठेवला, पहिलं टेबल 3 मीटरवर आणि शेवटचं 24 मीटरवर असलं तर दोघांत 18 डेसिबलचा फरक पडला. पहिल्या टेबलवाला कानात बोटं घालून राहिला आणि शेवटचा म्हणते थोडं वाढवा ना भाऊ. मग डीजे वाढवते, आणि पहिलं टेबल उठून जाते. त्याच्यापेक्षा चार लहान स्पीकर टेबलांच्या मधे, झाडाला किंवा बल्लीला बांधून, खाली तोंड करून लावले तर सगळ्यांना सारखं ऐकू येते आणि एकूण आवाज बराच कमी ठेवता येते.

आणि संध्याकाळचा एक वेगळाच खेळ आहे. दिवसा जमीन तापलेली असते, गरम हवा खाली, थंड वर, तर आवाज वरच्या बाजूला वळून निघून जाते. सूर्य बुडाला की जमीन लवकर थंड होते, थंड हवेचा थर खाली बसते, मग तोच आवाज वाकून परत खाली येते आणि लांब लांब जाते. तलावावर तर विचारूच नका, पाण्यावरची हवा गारच असते. म्हणून सहा वाजता जो आवाज तुम्हाला बरोबर वाटून राहिला तो साडेसातला पलीकडच्या गावात घराघरात पोचते, बटणाला कोणी हात न लावता. बेस तर सगळ्यात लांब जाते, झाडं-झुडपं त्याला अडवत नाहीत, गावातल्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, फक्त धुम धुम येते, आणि त्यालाच लोक वैतागतात. तक्रार तिथून सुरू होते.

तर तो गावचा पोट्टा. इकडे आता तालुक्या-तालुक्यात असे पोरं आहेत, कॉलेज करून राहिले नाहीतर मोबाईलचं दुकान चालवून राहिले, एक लॅपटॉप, एक छोटा दोन डेकवाला कंट्रोलर, सेराटो नाहीतर रेकॉर्डबॉक्स हे डीजेचं सॉफ्टवेअर, आणि हेडफोन. मोटरसायकलवर सगळं सामान येते. स्पीकर तुमचे, कायमचे बसवलेले, तो फक्त वायर लावते. खर्च तिथेच कमी होते, कारण लग्नवाल्याच्या बिलात मोठा वाटा गाडी, डिझेल आणि सामान उचलणाऱ्या पोरांचा असते, वाजवणाऱ्याचा नाही.

मला जो फरक दिसते तो हा. एका तलावाजवळच्या जागेवर असाच एक पोट्टा वाजवत होता, उजेड होता तोवर जुनी गाणी, तीही नव्या ठेक्यात नाही, मूळच्या चालीत, फक्त एकातून दुसऱ्यात जाताना बेसचं बटण हळू उतरवून दुसऱ्याचं चढवून, कुठे जोड आहे ते कळूच नये असं. मग पलीकडच्या देवळात हरिपाठ सुरू झाला. कोणी त्याला सांगितलं नाही, त्याने मास्टरचं बटण खाली घेतलं, पार गवतातले किडे ऐकू येतील एवढं, आणि हरिपाठ संपेपर्यंत नुसतं बासरीचं काहीतरी हलकं चालू ठेवलं. बाहेरचा माणूस कितीही मोठा असला तरी त्याला हे माहीत नसते की या गावात कोणत्या वेळेला काय असते, कोणाच्या घरी सुतक आहे, अजान कधी होते, उद्या बैलपोळा आहे म्हणून आज लोक कोणत्या मूडमध्ये आहेत. मला विचाराल तर लोकल डीजे घ्यायचं सगळ्यात मोठं कारण पैसा नाही, हेच आहे.

कमी काय पडते ते पण सांगतो. गाण्यांचा साठा बहुतेक डाउनलोड केलेला असते, त्यात क्वालिटी खराब, चांगल्या स्पीकरवर लगेच फाटल्यासारखं वाटते. आणि पब्लिक वाढलं की पोट्टा चेकाळते, पहिल्यांदा कोणी "भाऊ ते लाव ना" म्हणून फर्माईश केली की सेट कुठल्या कुठे जाते. त्याला आधीच वेळ बांधून द्या, उजेड असेपर्यंत हे, अंधार पडल्यावर हे, फर्माईश आली तर चिठ्ठीवर घे आणि शेवटच्या अर्ध्या तासात लाव. पैसे रोजचे रोज द्या, महिन्याच्या शेवटी नाही, हे जपलं तर पोट्टा टिकते.

नागपूरचा, नाहीतर अमरावतीचा, क्लबमध्ये वाजवणारा डीजे. कानाला फरक कळते यात वाद नाही, साठा चांगला, मिक्सिंग सफाईदार, फोटो-रीलवर नाव दिसते तर गाड्या भरून लोक येतात. पण जाणं-येणं, राहणं, जेवण, सोबत एक माणूस, सगळं तुमच्यावर. आणि तो ज्या हॉलची सवय घेऊन येते तिथे चार भिंती असतात, उघड्यावर भिंती नसल्याने त्याला जवळ बेस कमी वाटते म्हणून तो वाढवत जाते, वाढवत जाते. जंगलाकडच्या रस्त्याने रात्री परत पाठवायचं तेही काळजीचं काम, रोही-रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही. वर्षातून एखाद-दोनदा, तिकीट लावून, मोठ्या दिवशी, तेव्हा बरोबर.

चौथा लाइव्ह गाणारा. एक कीबोर्डवाला, एक गाणारा, नाहीतर नुसतं पेटी-तबला आणि खंजिरी. आपल्याकडे राष्ट्रसंतांच्या भजनामुळे गावागावात खंजिरी वाजवणारे हात आहेत, पूर्वेला गेलं की झाडीपट्टीच्या नाटकांतले गायक आहेत, त्यांचा गळा ऐकलात तर माइकची गरज वाटत नाही. फॅमिली क्राउड, म्हातारे आई-वडील सोबत, अशा जागेला हे फार शोभते, आणि आवाज आपोआप आटोक्यात राहते. अडचण एवढीच की वाऱ्याने माइक घुमते, मधे ब्रेक लागते, आणि झाडीपट्टीवाले कलाकार दिवाळीनंतर नाटकाच्या दौऱ्यात अडकलेले असतात. रविवार लाइव्ह, शुक्रवार-शनिवार गावचा डीजे, असं वाटून घेतलं तर दोघांचंही भागते.

आणि नुसता फोन ब्लूटूथला जोडून? सुरुवातीचे दोन महिने चालवा, पण जाहिरात आली, कॉल आला, रेंज गेली की बसलेला माणूस लगेच वर पाहते.

कायद्याचं थोडक्यात पण नीट वाचा. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि दिवसा वाजवायला पण लेखी परवानगी लागते. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यावसायिक भागाची 65 आणि 55. तुमच्या खाजगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वर जायला नको. शेतात आहो, आजूबाजूला कोणी नाही, म्हणून चालते असं समजू नका. दुसरं कॉपीराइट. लग्नाच्या वरातीला आणि त्याच्या कार्यक्रमांना 1957 च्या कायद्यात सूट आहे, म्हणून लग्नवाला डीजे म्हणते "आम्हाला आजवर कोणी विचारलं नाही". ती सूट हॉटेलला नाही. गाणी वाजवायची तर पीपीएल, आयपीआरएस या गाण्यांच्या हक्कांचं लायसन देणाऱ्या संस्थांचं लायसन पाहून घ्यायचं, आणि जबाबदारी डीजेवर ढकलून मालक सुटत नाही, कारण कमाईसाठी जागा देणारा पण त्यात येते. घरच्यासाठी घेतलेलं स्पॉटिफाय हॉटेलात वाजवणं त्यांच्या अटीतच बसत नाही.

ताडोबा, पेंच, नागझिरा, मेळघाट, यांच्या गेटजवळ जागा असेल तर माझा सरळ सल्ला, डीजे नकोच, कोणताच नको. लोक तिथे रातव्याचा आणि चितळाचा आवाज ऐकायला येतात, आणि इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये असाल तर वनखात्याशी बोलल्याशिवाय स्पीकर टांगू पण नका. लाइव्ह बासरी, माइकशिवाय, यापुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटते.

वेळेचं गणित महिन्याप्रमाणे बदलते. नागपूरकडे डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच सूर्य बुडते, जूनच्या शेवटी सात वाजतात, आणि गडचिरोलीपेक्षा बुलडाण्याला साधारण पंधरा मिनिटं उशिरा, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या हॉटेलचा टाइम पाहून आपला छापू नका. एप्रिल-मेमध्ये सूर्य बुडताना पण झळ लागते, लोक आठशिवाय बाहेर बसत नाहीत, तर तेव्हा डीजेला साडेसातपासून बोलवा, फुकटचे दोन तास कशाला द्यायचे. हुरड्याच्या दिवसांत उलटं, दुपारी चारपासूनच गर्दी, आणि आठनंतर दव पडते, लॅपटॉप आणि कंट्रोलरवर पाणी साचते, म्हणून वर छप्पर किंवा निदान ताडपत्री पाहिजेच. पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर लाइटवर पाखरं येतात, डीजेच्या टेबलवरचा पांढरा लाइट काढून पिवळा लावा, नाहीतर ताटात पडतील.

ठरवायच्या आधी एक संध्याकाळ पैसे देऊन ट्रायल घ्या. अंधार पडल्यावर, उजेडात नाही. शेवटच्या टेबलावर बसा, समोरच्याशी नेहमीच्या आवाजात बोला, पुढे झुकावं लागलं तर आवाज जास्त आहे. मग गाडी काढून जवळच्या वस्तीपर्यंत जा, तिथे उतरा आणि ऐका. धुम धुम येत असेल तर पोट्ट्याला म्हणा बेस अजून अर्धा कर, आणि नाही आलं तर त्याच रात्री महिन्याचं बोलून घ्या, तिथ्या कोणत्या सोडायच्या ते पण आत्ताच कॅलेंडरवर खुणा करून.