हायड्रोजनची खेळण्यातली गाडी: पाचपैकी साडेतीन

तीस वर्षं डेपोत बसच्या पोटाखाली काढली. आधी डिझेल, मग सीएनजी. त्यामुळे नातवाच्या वाढदिवसाला ऑनलाइन ही हायड्रोजनची गाडी मागवली, ती निम्मी माझ्याच हौसेपायी. २,६०० रुपये. सून म्हणाली, "बाबा, यात थोडी भर घालून सायकल आली असती."

खोक्यात प्लॅस्टिकची चासी, पाण्याच्या दोन टाक्या, सिरिंज, नळ्या, पेन्सिल सेलचा डबा आणि काडेपेटीएवढा फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारी डबी. एका नळीचं बूच आलंच नाही. विकणाऱ्याने "फोटो पाठवा" म्हटलं; पाठवला, तेव्हापासून गप्प. लालबागच्या केमिस्टकडून सलाईनच्या नळीची चिमटी आणून भागवलं.

पोरगं मोरीच्या नळाखाली सिरिंज धरून उभं होतं, वेळेवर हात धरला. नळाच्या पाण्यातले क्षार सेलच्या पडद्यात बसले की सेल कामातून गेला. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटरच लागतं.

पेन्सिल सेलची वीज या फ्युएल सेलला दिली की पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. नातवाने टाकीवरच्या रेघा मोजल्या: हायड्रोजन १६ मिली, ऑक्सिजन ८. एचटूओ असं समोर दिसलं की पाठ करावं लागत नाही. मग तारा काढून मोटरला लावल्या, तोच सेल उलटा चालून वीज द्यायला लागला, आणि गाडी चाळीच्या गॅलरीत जोशी काकूंच्या तुळशीपर्यंत गेली.

"आबा, धूर कुठाय?"

धूर नाही, कारण आत काही जळतच नाही. प्लॅटिनमच्या थरावर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. मधला पडदा खडूस कंडक्टरसारखा: प्रोटॉनला आत घेतो, इलेक्ट्रॉनला दारातच अडवतो. तो बिचारा तारेतून वळसा घालून पलीकडे जातो, जाताजाता मोटर फिरवतो. पलीकडे ऑक्सिजन भेटला की पाणी.

मीटर लावला तर गाडी चालताना जेमतेम ०.७ व्होल्ट. म्हणून तर टोयोटाच्या मिराई या हायड्रोजनवरच्या कारच्या नव्या मॉडेलमध्ये असे ३३० सेल एकावर एक रचलेत आणि गॅस ७०० बार दाबाने कोंबलाय. आमच्या सीएनजीच्या सिलिंडरला २०० बार असायचे, तरी व्हॉल्व्ह उघडताना मी तोंड बाजूला करायचो.

एक खटकलं. तेच पेन्सिल सेल थेट मोटरला लावले असते तर गाडी कितीतरी जास्त पळाली असती. वीज, मग गॅस, मग परत वीज, आणि प्रत्येक वेळी गळती. झटपट टाकी भरून लांब पल्ल्याला निघणाऱ्या ट्रकला हा सौदा परवडेलही. दादर ते वरळी फिरणाऱ्या गाडीला बॅटरीच बरी, असं माझं मत.

अर्धा स्टार बुचाचा कापला. पूर्ण एक कापला तो खोक्यावरच्या चित्राचा: गाडीमागून पाण्याची धार! १६ मिली हायड्रोजनचं पाणी होतं जेमतेम पाव थेंब. नातू अजून नळीला बोट लावून बसलाय.